गाडी मिसिंग मारतेय? प्लग आणि प्लग वायर स्वतः कशी तपासायची

गाडी मिसिंग मारायला लागली, म्हणजे मधूनमधून पेट्रोल पेटायचं चुकून इंजिन अडखळायला लागलं, की बहुतेक जण पहिलं काम काय करतात, तर नवीन प्लग टाकतात. आणि गंमत बघा, गाडी बरी होते. दोन दिवस, आठवडाभर मस्त चालते आणि मग परत तेच, पिकअप नाही, चढाला आचके, सकाळी सेल्फ मारत बसा. मग माणूस म्हणतो प्लगच डुप्लिकेट निघाला आणि अजून एक प्लग आणतो. माझ्या बाइकवर मी हेच केलंय, एका पावसाळ्यात दोन प्लग बदलले, आणि खरा दोष निघाला प्लग कॅपमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाला प्लगवर बसणाऱ्या टोपीत. केसाएवढी बारीक चीर होती, त्यातून करंट बाहेरच्या बाहेर इंजिनला जात होता.

मग नवीन प्लगने दोन दिवस बरं का वाटतं? कारण नव्या प्लगची कड धारदार असते, गॅप (ठिणगी उडी मारते ती फट) बरोबर असतो, त्यामुळे ठिणगी पडायला कमी व्होल्टेज लागतं. कमजोर झालेली वायर किंवा कॉइल तेवढं कमी व्होल्टेज कसंबसं देऊ शकते. प्लग थोडा झिजला, गॅप थोडा वाढला, की तिची ताकद पुरत नाही आणि मिसिंग परत सुरू. म्हणजे नवा प्लग दोष झाकतो, काढत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून आधीच सांगितलं.

आधी ठिणगीचा रस्ता समजून घ्या

बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये जातात, कॉइल त्याचे हजारो व्होल्ट करते, साधारण १० ते ३० हजार, गाडी आणि परिस्थितीप्रमाणे. ते कॉइलमधून जाड वायरीत, वायरीतून कॅपमध्ये, कॅपमधून प्लगच्या मधल्या दांडीत, तिथून गॅपवरून उडी मारून प्लगच्या बाहेरच्या लोखंडी अंगावर, आणि तिथून इंजिनच्या बॉडीतून परत. बस एवढाच रस्ता. इतक्या व्होल्टेजला नेहमी सोपी वाट हवी असते. गॅपवरून उडी मारण्यापेक्षा वायरीच्या चिरेतून इंजिनला जाणं सोपं पडलं तर करंट तिकडेच जाणार, प्लग कितीही नवा असू दे.

दुसरी गोष्ट म्हणजे गॅपवरून उडी मारायला किती व्होल्ट लागतात हे आत किती दाब आहे त्यावर ठरतं. मोकळ्या हवेत ०.७ एमएमच्या गॅपला तीनेक हजार व्होल्ट पुरतात, पण इंजिनच्या आत कॉम्प्रेशनमध्ये त्याच्या कितीतरी पट लागतात, आणि ॲक्सिलरेटर जितका जास्त पिळाल तितकी हवा जास्त आत येते, दाब वाढतो, मागणी अजून वाढते. म्हणून स्लोला गाडी एकदम शांत आणि चढाला, डबलसीटला, ओव्हरटेकला मिसिंग, असं असेल तर इग्निशनवर पहिला संशय घ्यायचा. पेट्रोल कमी पडत असलं तरी लोडवर असंच होऊ शकतं, त्यामुळे संशय म्हणजे निकाल नाही, पण सुरुवात इथून करा.

काम सुरू करायच्या आधी

हा करंट खेळण्यातला नाही. जोरात झटका बसतो, आणि खरा अपघात झटक्यापेक्षा हात दचकून फॅनमध्ये किंवा गरम सायलेन्सरवर जाण्याने होतो. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी चालू इग्निशनच्या जवळ जायचंच नाही, हे काम दुसऱ्याला करू द्या. चालू इंजिनवर वायर हाताने उपटून बघायची जुनी सवय असते लोकांना, ती सोडा. एक तर झटका बसतो, आणि दुसरं म्हणजे ठिणगीला जायला वाटच नसली तर ते व्होल्टेज कॉइलच्या आतलं इन्शुलेशन फोडतं, आजकालच्या कॉइल आणि सीडीआय (कॉइलला ठिणगीचा इशारा देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) त्याने कायमच्या जातात.

इंजिन गार असू दे, नुसतं कोमट नाही, गार. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि गरम असताना प्लग काढला तर प्लगबरोबर आटेही निघून यायची भीती असते. आटे गेले की खर्च प्लगच्या कितीतरी पट होतो म्हणून यात घाई नको.

हत्यारं फार लागत नाहीत. बरोबर मापाचा प्लग पाना (१६, १८ किंवा २१ एमएम, तुमच्या गाडीला कुठला ते आधी बघा), आत रबर असलेला मिळाला तर उत्तम, कारण प्लग खोल विहिरीतून वर ओढायला तोच कामाचा. फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पात्यांचा संच), साधा डिजिटल मल्टीमीटर, टॉर्च, स्वच्छ फडकं, पाणी मारायची स्प्रेची बाटली. जमलं तर गॅप कमीजास्त करता येणारा स्पार्क टेस्टर घ्या, छोटी वस्तू आहे पण मल्टीमीटरपेक्षा जास्त खरं बोलते, का ते पुढे सांगतो.

पायरी १ : फुकटच्या गोष्टी आधी

गाडी अजिबातच चालू होत नसेल तर आधी किल स्विच बघा, साइड स्टँड सेन्सर असेल तर स्टँड वर आहे का बघा, कॉइलचं छोटं कनेक्टर नीट बसलंय का, कॅप प्लगवर 'टक' करून बसलीये का ते बघा. सर्व्हिसिंगनंतर लगेच मिसिंग सुरू झालं असेल तर दहापैकी बऱ्याच वेळा कॅप अर्धवट बसलेली असते किंवा चार सिलिंडरच्या गाडीत दोन वायरींची अदलाबदल झालेली असते. बॅटरी उतरलेली असेल तरी ठिणगी कमजोर येते, त्यामुळे सेल्फ जड फिरत असेल तर आधी बॅटरी चार्ज करा, मग बाकीचं.

पायरी २ : प्लग काढणं

चारपैकी एकाच वेळी एकच वायर काढायची हा नियम पाळा, नाहीतर आधी मोबाइलवर फोटो काढा आणि वायरींना टेप लावून १, २, ३, ४ लिहा. वायर ओढायची नाही, कॅप किंवा रबरी बूट धरायचा, आधी थोडा डावी उजवीकडे फिरवायचा म्हणजे चिकटलेला सुटतो, आणि मग सरळ वर. वायर धरून ओढली की आतली कार्बनची दोरी तुटते, बाहेरून काही दिसत नाही आणि तुम्हीच एक नवीन दोष तयार करता.

प्लग सैल करायच्या आधी त्याच्या भोवतीची माती, खडी फुंकून किंवा पंपाच्या हवेने उडवा. ही पायरी फार जण गाळतात आणि तीच माती प्लग निघाल्या निघाल्या सिलिंडरमध्ये पडते. मग पाना सरळ बसवून (तिरका बसला तर पांढरा चिनी मातीचा भाग तडकतो) सैल करा. पाव फेऱ्यानंतर अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका, परत थोडा घट्ट करा, परत सैल करा, थोडं झिरपणारं तेल सोडा आणि थांबा, असं मागेपुढे करत निघतो.

निघालेले प्लग ज्या सिलिंडरचे त्याच क्रमाने ओळीत ठेवा. चारही एकत्र डब्यात टाकले की अर्धी माहिती गेली.

पायरी ३ : प्लग वाचणं

ही मला या कामातली सगळ्यात आवडती गोष्ट आहे, कारण इंजिनच्या आत डोकावायची हीच एक खिडकी. फक्त एक लक्षात ठेवा, गाडी घरासमोर दहा मिनिटं स्लोला चालू ठेवून प्लग काढला तर तो काळाच दिसणार, त्यावरून काही ठरवू नका. नेहमीसारखी दहापंधरा किलोमीटर चालवा, मग बंद करा, गार होऊ द्या आणि मग बघा.

फिका तपकिरी, राखाडी, बिस्किटासारखा रंग असेल तर आत सगळं ठीक आहे. दोष कुठेतरी बाहेर शोधा.

कोरडी काळी काजळी, बोटाला लागणारी, म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर तुंबलेला, चोक ओढलेला राहिला, कार्ब्युरेटर रिच आहे, किंवा रोज एकदोन किलोमीटरच गाडी चालते आणि प्लग तापतच नाही. प्लगचं टोक साधारण ४५० ते ५०० डिग्रीच्या वर गेलं की स्वतःवरची काजळी स्वतः जाळतं, छोट्या फेऱ्यांमध्ये तो तिथे पोचत नाही. पण काजळीचं अजून एक कारण कमजोर ठिणगी हेही असतं, म्हणजे प्लग काळा झाला म्हणून मिसिंग आहे की मिसिंग आहे म्हणून प्लग काळा झालाय हे नुसत्या रंगावरून ठरत नाही.

ओला तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय. रिंग, व्हॉल्व सील वगैरे. प्लग बदलून हे बरं होत नाही. इथे एक फरक नीट बघा, ऑइल प्लगच्या खालच्या टोकाला आहे की वरच्या पांढऱ्या भागावर आणि बुटात आहे. वर असेल तर ते सिलिंडरमधून आलेलं नाही, हेड कव्हरच्या सीलमधून प्लगच्या विहिरीत उतरलंय, सील बदलायचं आणि ऑइलने फुगलेला बूटही बदलायचा, खर्च खूपच कमी.

ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे पेट्रोल येतंय पण पेटत नाहीये. एकतर ठिणगी नाही किंवा गाडी फ्लड झालीये. किल स्विच बंद, चोक बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, प्लग काढलेला ठेवून चारपाच किक मारा म्हणजे आतलं पेट्रोल उडून जातं, प्लग पुसून वाळवा आणि मग पुढच्या पायरीला या. उघड्या भोकाजवळ तोंड नेऊ नका आणि आसपास आगीचं काही नको.

पांढराफटक, वर बारीक फोड किंवा वितळल्यासारखे मणी दिसले तर गाडी चालवणं थांबवा. प्लग फार तापतोय, मिश्रण लीन आहे (पेट्रोल कमी), कुठेतरी हवा ओढतेय, ठिणगीचं टायमिंग पुढे गेलंय, किंवा चुकीच्या हीट रेंजचा (प्लग किती गरम राहतो त्याचा आकडा) प्लग लागलाय. असंच चालवलं तर पिस्टनला भोक पडू शकतं.

बाहेरच्या पांढऱ्या भागावर लोखंडी अंगाजवळ तपकिरी पट्टा दिसतो कधीकधी आणि लोक म्हणतात गॅस लीक होतोय. बहुतेक वेळा तो कोरोनाचा डाग असतो, जास्त व्होल्टेजमुळे आसपासचे ऑइलचे कण तिथे चिकटतात, त्याने काही बिघडत नाही. याउलट पांढऱ्या भागावर पेन्सिलने ओढल्यासारखी उभी काळी रेघ दिसली तर ती खरी भानगड. करंट गॅप सोडून बाहेरून उतरलाय, त्याला कार्बन ट्रॅक म्हणतात. अशी रेघ दिसली की प्लगही बदला आणि त्याच्यावरचा बूटही, कारण बुटाच्या आत त्याच रेघेची जोडी असते आणि जुना बूट नव्या प्लगवर परत तशीच रेघ पाडतो. माझ्या मते नवशिक्यांकडून सगळ्यात जास्त सुटणारी गोष्ट हीच.

पायरी ४ : गॅप

फिलर गेजने मोजा. बाइकला साधारण ०.६ ते ०.९ एमएम आणि कारला ०.७ ते १.१ एमएमच्या दरम्यान असतो, पण अंदाजावर जाऊ नका, मॅन्युअलमधला आकडा घ्या. पाती हलकं घासून आत गेली पाहिजे, सैल नको आणि रेटूनही नको. कमी करायचा तर बाहेरचा वाकडा हात कडक पृष्ठभागावर अलगद ठोका, वाढवायचा तर त्याच हाताला गॅप टूलने वर घ्या. मधल्या दांडीला टेकू देऊन काही करायचं नाही, आणि इरिडियमच्या प्लगला तर जपूनच, त्याची मधली सुई इतकी बारीक असते की जरा जोर लागला की तुटते. इरिडियमचा गॅप बहुतेक करून कंपनीतून बरोबर येतो, बघा आणि सोडून द्या.

साफ करताना तारेचा ब्रश चिनी मातीच्या भागावर घासू नका, ब्रशचे धातूचे कण तिथे बसतात आणि करंटला नवी वाट मिळते. साधा प्लग असेल तर मऊ ब्रश, थोडा पॉलिश पेपर बाहेरच्या हातावर, बस. मधल्या दांडीच्या कडा गोल झाल्या असतील तर साफ करण्यात वेळ घालवण्यापेक्षा नवीन घ्या, कारण गोल कडेवरून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं.

पायरी ५ : प्लगवर मीटर

प्लगच्या नावात आर असेल (एनजीकेच्या बीपीआर६ईएस मधला आर तोच) तर आत रेझिस्टर आहे, रेडिओ आणि ईसीयूला (गाडीच्या कॉम्प्युटरला) त्रास होऊ नये म्हणून. मीटर २० किलोओमवर ठेवून एक टोक वरच्या टर्मिनलला आणि दुसरं मधल्या दांडीला लावा, पाच किलोओमच्या आसपास आलं पाहिजे, तीन ते साडेसात चालतं. काहीच आलं नाही तर रेझिस्टर आतून गेलाय, प्लग बाहेरून कितीही छान दिसू दे, टाकून द्या. आर नसलेल्या प्लगला शून्याच्या जवळ येईल.

मग मीटर सगळ्यात मोठ्या रेंजला घेऊन टर्मिनल आणि लोखंडी अंग यांच्यात बघा. इथे काहीच यायला नको, मीटर ओपन दाखवला पाहिजे. थोडं काही दाखवत असेल तर काजळीतून किंवा तड्यातून करंट गळतोय.

आता महत्त्वाचं. मीटर प्लगला काही व्होल्टच देतो आणि गाडी हजारो देते. म्हणजे मीटर 'खराब' म्हणाला तर नक्की खराब समजा, पण 'चांगला' म्हणाला तर ते अर्धंच खरं. केसाएवढी चीर मीटरला दिसत नाही, वीस हजार व्होल्टला दिसते. माझी ती कॅप मीटरवर अगदी पाच किलोओम दाखवत होती.

पायरी ६ : ठिणगी बघणं

प्लग कॅपमध्ये बसवा, प्लगचं लोखंडी अंग इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला घट्ट टेकवा, जंपर वायरने किंवा क्लिपने बांधून ठेवलं तर उत्तम, हातात धरू नका. प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ फवाऱ्यासारखी येते, शक्य असेल तर भोकात दुसरा प्लग लावून ठेवा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टरचं कनेक्टर काढा. मग सेल्फ किंवा किक मारा.

जाड, निळीपांढरी, चट चट आवाज करणारी ठिणगी म्हणजे चांगली. बारीक, नारिंगी पिवळी, मधूनच येणारी म्हणजे कमजोर. पण वर सांगितलं तसं मोकळ्या हवेत लहान गॅपवर मरतुकडी कॉइलसुद्धा ठिणगी दाखवते. 'ठिणगी येतेय म्हणजे इग्निशन ठीक' असं म्हणून लोक कार्ब्युरेटर खोलतात आणि दिवस वाया जातो. म्हणून स्पार्क टेस्टर घ्या म्हटलं. त्याचा गॅप ६ एमएमला ठेवा, बऱ्याच बाइकच्या मॅन्युअलमध्ये किमान एवढाच गॅप दिलेला असतो, आणि तेवढ्या अंतरावरून दणक्यात सलग ठिणगी आली तर कॉइल आणि वायरीत दम आहे. गॅप उगाच अजून वाढवत बसू नका, कॉइलवर ताण येतो.

पायरी ७ : वायर आणि कॅप

आधी डोळ्यांनी आणि बोटांनी. वायर पूर्ण पुसा, मग हळूहळू वाकवत वाकवत तपासा, सरळ असताना चिरा मिटलेल्या असतात. वायर कडक झाली असेल, सायलेन्सरजवळ भाजली असेल, फ्रेमला घासून चपटी झाली असेल, उंदराने कुरतडली असेल, तर अजून मोजायची गरज नाही. बुटाच्या आत टॉर्च मारा, पांढरी हिरवी बुरशीसारखी पूड (गंज), काळी रेघ, सैल झालेली क्लिप, हे बघा.

मग मीटर. दोन्ही टोकांना लावायचा. साध्या कार्बनच्या वायरीला एका मीटर लांबीला साधारण १० ते २० किलोओम येतात, म्हणजे लांब वायरीला जास्त आणि आखूड वायरीला कमी हे बरोबरच आहे, चारही सारख्या आल्या पाहिजेत असं नाही. स्पायरल तारेच्या वायरीला बरंच कमी येतं. बाइकची वायर बहुतेक तांब्याची असते, ती जवळपास शून्य, आणि रेझिस्टन्स सगळा कॅपमध्ये, साधारण ५ किलोओम. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये एका वायरीला २५ किलोओमची मर्यादा दिलेली असते. आकड्यापेक्षा मी तुलना बघतो, लांबीच्या हिशोबाने तीन वायरी एकमेकींना धरून आहेत आणि चौथी दुप्पट दाखवतेय, तर चौथी गेली. आणि मीटर लावलेला असताना वायर हलवा, वाकवा, बूट पिळा. आकडा उड्या मारायला लागला किंवा ओपन झाला की मधूनमधून येणारं मिसिंग सापडलं समजा.

आता अंधाराची टेस्ट, जी मला सगळ्यात भरवशाची वाटते. रात्री अंधारात मोकळ्या हवेत गाडी उभी करा (बंद गॅरेजमध्ये नाही, धूर जीव घेतो), इंजिन चालू करा, डोळे अंधाराला सरावू द्या आणि वायरींकडे नुसतं बघा. मग स्प्रेने पाण्याचा अगदी हलका तुषार वायरी, बूट, कॉइलच्या आसपास मारा, ओतू नका, हात आणि सैल कपडे पट्ट्यापासून लांब ठेवा. निळ्या ठिणग्या वायरीवरून उडताना दिसतील, चटचट ऐकू येईल, किंवा तुषार पडल्याबरोबर इंजिन अडखळेल. ज्या जागी फवारल्यावर अडखळलं ती जागा. पावसात, दव पडलेल्या सकाळी, गाडी धुतल्यावर मिसिंग येतं त्यांनी बाकी सगळं सोडून आधी ही टेस्ट करावी. माझी कॅप शेवटी अशीच पकडली, इतके दिवस जी चीर दिवसा दिसत नव्हती तिथून अंधारात सुईएवढी निळी रेघ सिलिंडर हेडकडे जात होती.

बाइकच्या वायरीत कॅप स्क्रूसारखी बसते. सैल झाली असेल किंवा आत हिरवा गंज असेल तर कॅप उलटी फिरवून काढा, वायरीचं टोक ५ एमएम सरळ कापा, चकचकीत तांबं दिसलं की कॅप परत फिरवून घट्ट बसवा. वायर पुरेशी लांब असेल तरच हं.

चार सिलिंडरमध्ये वायरी क्लिपांमध्ये बसवा. सगळ्या एकत्र बांधून ठेवल्या आणि एकापाठोपाठ पेटणाऱ्या दोन सिलिंडरच्या वायरी बराच वेळ समांतर राहिल्या की एकीचा करंट दुसरीत जाऊ शकतो, मग सगळे पार्ट चांगले असूनही गाडी झटके देते.

पायरी ८ : अदलाबदल

एकापेक्षा जास्त सिलिंडर असतील तर तुमच्याकडे एक सोन्यासारखी सोय आहे, चांगल्या सिलिंडरचा पार्ट वाईट सिलिंडरला लावून बघणं. आधी कुठलं सिलिंडर बंद आहे ते शोधा. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) असेल तर पी०३०१ म्हणजे पहिलं, पी०३०२ दुसरं, असं सरळ सांगतो, पी०३०० म्हणजे एकच असं नाही, कुठेही मिसिंग होतंय. स्कॅनर नसेल तर इंजिन बंद करून एका सिलिंडरच्या इंजेक्टरचं कनेक्टर काढा, परत चालू करा आणि आवाज ऐका. ज्याचं काढल्यावर इंजिन अजून बिघडतं ते सिलिंडर काम करत होतं. ज्याचं काढून काहीच फरक पडला नाही ते आधीच मेलेलं.

मग त्या सिलिंडरचा फक्त प्लग शेजारच्याशी बदला. एकच वस्तू. दोष प्लगबरोबर शेजारी गेला तर प्लग खराब. जागच्या जागी राहिला तर वायर बदला (लांबी पुरत असेल तर), प्लगवरच कॉइल बसत असेल तर कॉइल बदला. तेही करून दोष जागीच राहिला तर मग इग्निशन सोडा, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशनकडे वळा. दोन वस्तू एकदम बदलल्या की गाडी बरी झाली तरी कशाने झाली ते कळत नाही.

वायरच नसलेल्या, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाड्यांत बऱ्याच कॉइलमध्ये आतच इलेक्ट्रॉनिक्स असतं, तिथे ओम मोजून काही कळत नाही, अदलाबदल हीच खरी टेस्ट. आणि चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला नाही तर लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या भागात) जाऊन तो तापून खराब होतो.

एका सिलिंडरला दोनतीन प्लग असलेल्या बाइक असतात, तिथे एक प्लग किंवा त्याची कॅप गेली तरी गाडी चालते, फक्त जीव नसल्यासारखी चालते आणि ॲव्हरेज पडतो. प्रत्येक प्लगची ठिणगी वेगळी बघा. एकच सिलिंडर, एकच प्लग असेल तर अदलाबदलीला दुसरी गाडी लागते, सारख्या मॉडेलच्या मित्राची कॅप दहा मिनिटं मागून घ्या.

पायरी ९ : परत बसवणं

प्लग आधी हाताने. पान्याशिवाय, बोटांनी किंवा खोल असेल तर रबरी नळीचा तुकडा प्लगच्या डोक्यावर बसवून फिरवा. आटे तिरके लागले तर नळी घसरते, पाना घसरत नाही, तो आटे कापत जातो. हाताने पूर्ण बसल्यावर नवीन वायसरवाल्या प्लगला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, जुनाच प्लग परत लावत असाल तर वायसर आधीच चपटा झालाय म्हणून एक बारांश ते एक अष्टमांश फेरा, आणि वायसर नसलेल्या निमुळत्या बैठकीच्या प्लगला फक्त एक सोळांश. टॉर्क रेंच असेल तर ॲल्युमिनियम हेडला १४ एमएमच्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ एमएमला १५ ते २०, १० एमएमला १० ते १२, मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर मॅन्युअलचं ऐका. सैल राहिला तरी वाईट, प्लगची उष्णता हेडमध्ये जात नाही आणि तो तापतो. आट्यांना ग्रीस किंवा अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावतात ती पेस्ट) लावू नका, आजकालच्या प्लगला कोटिंग असतं आणि ग्रीसमुळे नकळत जास्त घट्ट होतो. बुटाच्या आतल्या रबराला मात्र डायइलेक्ट्रिक (करंट वाहू न देणाऱ्या) ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, पाणी शिरत नाही आणि पुढच्या वेळी बूट फाटत नाही.

नवीन घेताना नंबर तोच घ्या. हीट रेंजच्या आकड्यात एक घोळ आहे, एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की गरम. कंपनी बदलताना आकडा जुळवू नका, तक्ता बघा. प्लगच्या आट्यांची लांबीही बघा, लांब असेल तर पिस्टनला आपटू शकतो.

सगळं बसल्यावर दोष ज्या परिस्थितीत यायचा त्याच परिस्थितीत चालवून बघा, चढाला येत होता तर चढावर, ओलाव्यात येत होता तर स्प्रे मारून. शेदोनशे किलोमीटरनंतर प्लग परत एकदा काढून रंग बघा. आणि काढलेल्या जुन्या प्लगांपैकी जो मीटरवर ठीक आहे, कडा बऱ्या आहेत, त्याचा गॅप नीट करून कागदात गुंडाळून पान्यासकट गाडीतच ठेवा, रात्री रस्त्यात अडकलात तर अदलाबदलीला लागेल.